साइट फिरवण्याआधी कागद वाचा: घरी बदल केलेल्या एअर रायफलचा नेम का चुकतो

नवा स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवला, दस्त्याला पॅड लावलं, नळीच्या तोंडावर वजन चढवलं किंवा ब्रीचचं (छर्रा भरतात त्या नळीच्या मागच्या टोकाचं) सील बदललं, आणि काल निशाण्याच्या कागदाच्या मधल्या काळ्यात बसणारे छर्रे आज कागदाच्या कडेला जायला लागले. अशा वेळी हात आपसूक साइटच्या स्क्रूकडे जातो. दहा क्लिक उजवीकडे, वीस वर, परत पाच खाली. तासाभरात अर्धा डबा छर्रे संपतात आणि मुळात काय बिघडलं होतं ते शोधायला काही खूणच उरत नाही.

मी बरीच वर्षं एअर रायफल चालवतो आणि लोकांच्या रायफली जुळवूनही देतो. साइट खरोखर खराब झालेली मला क्वचितच सापडली. बहुतेक वेळा काहीतरी ढिलं असतं, तिरकं बसलेलं असतं किंवा कशाला तरी घासत असतं. हा दोष साइट फिरवून झाकता येतो, पण तो एखाद्या दिवसापुरता. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय: आधी कागद, मग स्क्रू, मग नळी आणि सगळ्यात शेवटी साइट.

हे सगळं फक्त एअर रायफलसाठी आहे, म्हणजे नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली आणि दाबाची हवा भरलेली पीसीपी. दारूगोळ्याच्या रायफलीच्या नळीचं आणि साइटचं काम परवानाधारक कारागिराचं आहे. ते घरच्या टेबलावर करू नका.

हात लावण्याआधी

रायफल उचलली की नळी रिकामी आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. स्प्रिंगच्या रायफलीत नळी उघडी आणि स्प्रिंग चढलेली असेल, तर छर्रा भरताना एक हात नळीवर घट्ट हवाच. चाप चुकून सुटला तर नळी झटक्यात मिटते, आणि मध्ये सापडलेलं बोट वाचत नाही. अशा रायफलीतून छर्ऱ्याशिवाय बारही काढू नका. छर्ऱ्यामुळे नळीत क्षणभर हवेची उशी तयार होते. ती नसली की पिस्टन सरळ सिलिंडरच्या टोकावर आदळतो.

स्प्रिंग नळीमागच्या ट्यूबमध्ये आधीच दाबून बसवलेली असते. स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा नसेल तर मागचं टोपण उघडू नका. पीसीपीत नळीचा एकही स्क्रू सैल करण्याआधी सगळी हवा सोडा. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार दाब असतो, या सिलिंडरमध्ये तो २०० बार, काहींत त्याहूनही जास्त असतो.

चाचणीच्या वेळी डोळ्यांवर चष्मा हवा आणि कागदामागे छर्रे गिळणारा भक्कम थर हवा, कारण कडक पाठीवरून शिसं उलटून येतं. काम झालं की हात साबणाने धुवा. आणि नळीच्या तोंडावर काय लावता येतं, किती ताकदीची रायफल ठेवता येते, याचे नियम जागोजागी वेगळे असतात. तुमच्याकडचा नियम काय आहे ते बदल करण्याआधीच पाहा.

पहिली पायरी: काय काय बदललं ते लिहून काढा

वहीत तारखेच्या क्रमाने लिहा. ‘स्कोप बदलला’ एवढंच नको. स्कोप बदलताना दस्ता उतरवला होता का? पॅड लावताना मागचे स्क्रू सैल केले होते का? नळी पुसायला म्हणून वजन काढून परत चढवलं होतं का? दोष बऱ्याचदा मोठ्या बदलात नसतोच, तो त्या बदलासाठी वाटेत जे उघडलं त्यात असतो.

शेवटचा बदल सहज परत फिरवता येत असेल तर आधी तेवढंच करा. जुना भाग परत बसवून पाच छर्रे मारा. नेम जागेवर आला, तर अर्ध्याहून जास्त शोध तिथेच संपला. इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेम सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळत नाही.

दुसरी पायरी: साइटला हात न लावता पंधरा छर्रे

१० मीटरवर कागद लावा. वारा नसलेली जागा असेल तर उत्तमच. छर्रे एकाच डब्यातले, एकाच वजनाचे आणि चेपलेले नसलेले घ्या. रायफल बराच वेळ पडून असेल किंवा नळी नुकतीच पुसली असेल, तर आधी दहा-पंधरा छर्रे नुसते मारा. आतला तेलाचा थर गेल्याशिवाय मिळालेलं उत्तर खरं नसतं.

आता पाच-पाच छर्ऱ्यांचे तीन ग्रुप (एकाच नेमाने पाडलेल्या भोकांचे पुंजके), प्रत्येक ग्रुप वेगळ्या कागदावर. नेम दरवेळी त्याच बिंदूवर. छर्रे कुठेही जात असले तरी साइट फिरवायची नाही.

स्प्रिंगची रायफल कडक टेकूवर ठेवू नका. आधी उशी, उशीवर उघडा तळहात आणि तळहातावर रायफल. पकड सैल, दरवेळी त्याच जागी. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच ही रायफल मागे-पुढे हलते. त्या हालचालीला एकदा मोकळीक दिली आणि एकदा आवळून धरलं, तर ग्रुप दोन ठिकाणी पडतात आणि दोष उगाच नळीवर जातो. पीसीपीला हा त्रास बराच कमी, ती वाळूच्या पिशवीवर खुशाल ठेवा.

तिसरी पायरी: कागद काय सांगतो

तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढची सगळी धावपळ इथे वाचते.

ग्रुप घट्ट आहे, तिन्ही कागदांवर एकाच जागी आहे, फक्त मध्यापासून लांब आहे. मग नळी, छर्रा, पकड सगळं ठीक आहे. नजरेची रेषा आणि नळीची रेषा एकमेकींशी जुळलेल्या नाहीत, एवढंच. हा सगळ्यात सोपा दोष.

प्रत्येक ग्रुप आपापल्या परीने घट्ट, पण तिन्ही वेगवेगळ्या जागी. दोन ग्रुपांच्या मधल्या वेळात काहीतरी सरकतंय. स्कोप धरून ठेवणारं माउंट, दस्त्याचे स्क्रू किंवा तुमच्या गालाची जागा, या तिघांवर पहिला संशय घ्या.

एकाच कागदावर दोन स्पष्ट पुंजके. नळी किंवा स्कोपच्या आतली भिंगांची नळी दोन जागांपैकी कधी एकीत, कधी दुसरीत बसतेय. मोडणाऱ्या नळीत हे फार दिसतं.

छर्रे उभ्या रेषेत पसरलेत. वेग कमी-जास्त होतोय. ब्रीच सील गळतंय, स्प्रिंग थकलीय किंवा पीसीपीतला दाब घसरलाय. सील घरी बदललं असेल तर ते पूर्ण खाली बसलंय का ते पाहा. ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू पेपरचा कपटा ठेवा आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून छर्रा मारा. कपटा उडाला तर हवा तिथून निसटतेय.

छर्रे आडव्या रेषेत पसरलेत. नळीला बाजूने प्ले (सैलपणा) आहे, किंवा दरवेळी रायफल थोडी वेगळी कलती धरली जातेय. उघड्यावर असाल तर वाराही.

आणि सगळीकडे विखुरलेले, भोकं वेडीवाकडी, काही लांबट. लांबट भोक म्हणजे छर्रा कागदात आडवा शिरला. तो नळीच्या तोंडाशी कशाला तरी घासतोय किंवा नळीचं तोंडच दुखावलंय. अशा रायफलीची साइट फिरवण्यात एक मिनिटही घालवू नका.

चौथी पायरी: सगळे स्क्रू, एका ओळीने

दस्ता मागच्या ट्यूबला धरून ठेवणारे स्क्रू बहुतेक रायफलींना तीन-चारच असतात: पुढच्या लाकडात दोन्ही बाजूंना एकेक आणि चापाच्या कड्यापाशी एक-दोन. स्प्रिंगच्या धक्क्यांनी पुढचे दोन सर्वात आधी सैल होतात. ते घट्ट करा, पण लाकूड चेपेल इतके नाही. नीट बसणारा पाना घ्या, गुळगुळीत झालेली अॅलन की आटे आणि डोकं दोन्ही खाते.

सारखे सैल होत असतील तर स्क्रू काढा, आट्यांवरचं तेल स्पिरिटने पुसा आणि मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) थेंब लावा. हा बहुधा निळा असतो. लाल वापरू नका, तो पुढे गरम केल्याशिवाय सुटत नाही.

नंतर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे पाना न लावता कळतं. स्कोपच्या माउंटलाही अशीच रेघ ओढा.

पाचवी पायरी: नळी खरंच एका जागी बसतेय का

मोडणाऱ्या नळीच्या रायफलीत नळी एका बोल्टवर फिरते आणि मिटल्यावर खिट्टीत अडकते. साध्या साइट दोन्ही नळीवरच असतील, तर नळी किंचित हलली तरी साइटही तिच्याबरोबर हलतात आणि चूक फारशी दिसत नाही. स्कोप मात्र मागच्या ट्यूबवर असतो. नळी हलली की स्कोपला त्याची खबरच नसते. ‘साध्या साइटवर बरी चालते, स्कोप लावला की बिघडते’ ही तक्रार म्हणूनच दरवेळी स्कोपवर ढकलू नका.

तपासायची रीत सोपी आहे. रायफल रिकामी, स्प्रिंग न चढवलेली, नळी मिटलेली. ट्यूब एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने नळीचं टोक डावी-उजवीकडे हलक्या दाबाने ढकला. कान सांध्याजवळ ठेवा. ‘टिक’ असा बारीक आवाज आला किंवा बोटाला हालचाल जाणवली, तर प्ले आहे.

एकदा माझ्याकडे आलेल्या रायफलीने कागदावर शेजारी शेजारी दोन पुंजके पाडले होते, मधे जवळजवळ २५ मिलिमीटरचं अंतर. मालकाने तोवर दोन स्कोप बदलून पाहिले होते. मी नळी मिटली, खिडकीच्या उजेडासमोर आडवी धरली आणि टोक बाजूला ढकललं. ब्रीचपाशी उजेडाची केसाएवढी रेघ एका बाजूने रुंद झाली, सोडल्यावर परत बारीक झाली. सील बदलताना फिरता बोल्ट सैल केला होता आणि तो तसाच राहिला होता. ती फट होती जेमतेम ०.१ मिलिमीटर. पण बोल्टपासून ब्रीचच्या तोंडापर्यंतचं अंतर ४० मिलिमीटर धरलं, तर तेवढ्या कोनाचे १० मीटरवर बरोबर २५ मिलिमीटर होतात. बोल्ट पाव-पाव आटा आवळत गेलो, प्ले गेला आणि दोन पुंजक्यांचा एक झाला.

बोल्ट आवळताना हेच प्रमाण ठेवा. एका वेळी पाव आटा, मग नळी उघडून-मिटून पाहा. नळी अडखळायला किंवा खरवडायला लागली तर जास्त झालं. बोल्टला अडकवणारा दुसरा छोटा स्क्रू असेल तर तो आधी सैल आणि शेवटी घट्ट करायला विसरू नका. बोल्ट आवळूनही प्ले राहत असेल तर बाजूच्या वॉशर झिजल्यात, त्या बदला.

नळी वाकली आहे का, हेही इथेच पाहा. स्प्रिंग न चढवता, रिकामी नळी उघडून ब्रीचच्या बाजूने उजेडाकडे डोळा लावा. आत प्रकाशाची वर्तुळं एकात एक, मध्यावर दिसली पाहिजेत. ती एका बाजूला ओढलेली दिसली तर नळीला बाक आहे. स्प्रिंग चढलेली असताना, नळी उघडी असताना चाप ओढला गेला तर नळी वरच्या दिशेला वाकते, आणि मग स्कोपवर सगळे छर्रे एकदम उंच जातात. तसं काही झाल्याचं आठवत असेल तर अंदाजाने उलटं वाकवून पाहू नका, नळी बदलणं हाच खात्रीचा उपाय.

पीसीपीत नळी बहुधा छोट्या ग्रब स्क्रूंनी ब्रीचमध्ये आवळलेली असते. त्यातला एक जरी कमी आवळला गेला तरी नळी तिरकी बसते. सगळे आधी हलके टेकवा, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. आणि एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: नळीला खालच्या हवेच्या सिलिंडरशी बांधणारा पट्टा असेल आणि तो नळीला दाबून बसला असेल, तर सिलिंडरमधला दाब बदलेल तसा नेम सरकू शकतो. भरलेल्या सिलिंडरवर एक ग्रुप आणि दाब उतरल्यावर दुसरा ग्रुप काढा. वेग तोच असून ग्रुप बाजूला सरकला तर पट्टा संशयित. साध्या कागदाची पट्टी नळी आणि पट्ट्याच्या मधून ओढून पाहा. ती कुठे अडकते त्यावरून दाब कुठे आहे ते कळतं.

सहावी पायरी: नळीचं तोंड

छर्रा ज्या कडेवरून शेवटचा सुटतो ती कड सगळीकडून सारखी हवी. एका बाजूला बारीक बर (धातूचं उभं राहिलेलं टोक) असला तरी हवा एकीकडून आधी निसटते आणि छर्ऱ्याला ढकलते. रायफल रिकामी करा, तोंडावरचं वजन काढा आणि कानात घालायची कापसाची काडी त्या कडेवर हळूच गोल फिरवा. कापूस कुठे अडकून धागा सोडत असेल तर तिथे बर आहे. चार-पाच वेळा फिरवा, धागा दरवेळी एकाच जागी अडकला तरच तो दोष धरा.

कानस लावू नका. ही विनंती कळकळीने करतो, कारण हाताने कानस मारलेली कड परत सरळ करायला लेथच लागतं आणि तेव्हा नळीची लांबीही जाते. घरी नळी कापणं तर त्याहून वाईट. काही नळ्यांचा तोंडाजवळचा शेवटचा भाग मुद्दाम किंचित अरुंद केलेला असतो. कापताना तोच भाग जातो आणि रायफल पुन्हा पहिल्यासारखी मारत नाही.

तोंडावर वजन चढवलं असेल तर त्याच्या आत टॉर्च मारून पाहा. एका बाजूला करड्या रंगाचा, चकचकीत शिशाचा ओरखडा दिसला तर छर्रा तिथे घासतोय. वजन नळीच्या खांद्यापर्यंत सपाट टेकलंय का, आट्यांत कचरा आहे का, पकडणारा स्क्रू एका बाजूने ढकलतोय का, हे तपासा. मग खात्रीची चाचणी: वजन काढून पाच छर्रे, लावून पाच छर्रे. लावल्यावर ग्रुप नुसता सरकला पण घट्टच राहिला, तर काळजी नको. नळीच्या टोकाचा भार बदलला की तिची थरथर बदलते, तेव्हा साइट नव्याने जुळवायची. ग्रुप फुटला तर ते वजन त्या नळीवर नीट बसत नाही, ते काढून टाका.

सातवी पायरी: साधी साइट

इथवर सगळं घट्ट आणि सरळ निघालं, तरच आता साइट.

मागची साइट ज्या दिशेला न्याल त्या दिशेला छर्रे जातात. पुढची, म्हणजे माशी, बरोबर उलट. छर्रे डावीकडे जात असतील तर मागची साइट उजवीकडे न्या. माशी हलवायची असेल तर ती डावीकडे, म्हणजे चुकीच्याच दिशेला. छर्रे खाली जात असतील तर मागची वर करा, किंवा माशी उंच असेल तर ठेंगणी बसवा.

किती हलवायची याचा हिशेब आहे, अंदाजाची गरज नाही. दोन्ही साइटमधलं अंतर गुणिले कागदावरची चूक, भागिले कागदापर्यंतचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. दोन साइटमध्ये ४५० मिलिमीटर, चूक ३० मिलिमीटर आणि कागद १०,००० मिलिमीटरवर असेल, तर उत्तर १.३५ मिलिमीटर. म्हणजे १० मीटरवरची तीन सेंटिमीटर चूक साइटवर दीड मिलिमीटरसुद्धा नसते. नवी माशी ‘डोळ्यांना सरळच दिसते’ म्हणून सोडू नका.

माशी कलती बसली असेल तर तिची खूण वेगळी: मागची साइट वर-खाली केली की छर्रे उभे न जाता तिरके सरकतात. रायफल शिकंज्यात मऊ कापड लावून सरळ बसवा, मागे ओळंबा टांगा आणि माशीचा खांब त्या दोऱ्याशी ताडून पाहा.

आठवी पायरी: स्कोप

स्कोप रेषेत आहे की नाही हे ठरवण्याआधी एक हिशेब माहीत हवा. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापेक्षा ४५ मिलिमीटर वर आहे असं धरा. छर्रा सेकंदाला १७० मीटरने जात असेल तर १० मीटरपर्यंत तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे स्कोप नळीला अगदी समांतर असला तरी छर्रा नेमाच्या सुमारे ६ सेंटिमीटर खालीच लागणार. कित्येक जण हे पाहून नळी वाकली असं समजतात. तो दोष नाही, तेवढं अंतर स्कोपच्या डायलने (नेम सरकवणाऱ्या चकतीने) भरून काढायचंच असतं.

छर्रे त्याहून खूप खाली जात असतील, समजा १३ सेंटिमीटर, तर नळी स्कोप बसतो त्या पट्टीच्या तुलनेत खाली झुकलेली आहे. मोडणाऱ्या नळीत हा झुकाव नेहमीचा. अशा वेळी डायल शेवटपर्यंत वर नेऊ नका. टोकाला गेल्यावर आतली स्प्रिंग भिंगांची नळी नीट दाबून धरत नाही आणि धक्क्यासरशी स्कोपमधल्या नेमाच्या रेघा हलतात. तो विखुरलेला ग्रुप नळीच्या दोषासारखा दिसतो. त्याऐवजी मागचं माउंट उंच करा. दोन माउंटमधलं अंतर गुणिले भरून काढायची चूक, भागिले कागदाचं अंतर. माउंटमध्ये १०० मिलिमीटर आणि चूक ७० मिलिमीटर असेल तर मागची उंची ०.७ मिलिमीटरने वाढवायची. इतकी जाड पत्री (धातूची पातळ पट्टी) माउंटच्या कड्यात घातली तर स्कोपची नळी चेपते, म्हणून झुकाव भरून काढणारं माउंट घ्या. पत्री केवळ थोड्याशा दुरुस्तीपुरती.

माउंट बसवताना खाचेतलं तेल पुसा. स्प्रिंगची रायफल दोन्ही दिशांना हिसका देते, म्हणून तो सोसणारा स्कोप आणि ट्यूबवरच्या भोकात अडकणारी थांबा-पिन असलेलं माउंटच घ्या. कड्यांचे स्क्रू तिरकस क्रमाने, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळा. कड्याच्या स्क्रूंना साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरतं, बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.

रेघा उभ्या आहेत ना, हे ओळंब्याने पाहा. रायफल पाणसळीत ठेवून समोर दोरा टांगा आणि उभी रेघ दोऱ्यावर आणा. स्कोप ४५ मिलिमीटर उंचीवर ३ अंश कलला, तर नळी नजरेच्या रेषेपासून सुमारे २.४ मिलिमीटर बाजूला जाते. याची परीक्षा तीन अंतरांवर घ्या: १०, २० आणि ३० मीटर. चूक एकाच बाजूला आणि अंतराच्या प्रमाणात वाढत असेल तर तो नुसता कोन आहे, डायलने सुटेल. जवळ डावीकडे आणि लांब उजवीकडे जात असतील तर दोन रेषा मध्येच एकमेकींना छेदतायत. मग डायल कितीही फिरवली तरी एकाच अंतरावर जुळेल. कड्या सैल करून स्कोप सरळ बसवा.

दस्त्याला पॅड लावल्यावर गालाची जागा बदलते, तीही चूक स्कोपच्याच नावावर जाते. रायफल उशीवर स्थिर ठेवा, हात न लावता आत पाहत डोकं थोडं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. रेघा कागदावरून सरकताना दिसल्या तर पॅरॅलॅक्स आहे. स्कोपला अंतराची रिंग असेल तर ती १० मीटरवर आणा. अनेक स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात, ते १० मीटरवर हा त्रास देणारच. तिथे गाल दरवेळी एकाच जागी टेकवणं हाच उपाय.

नववी पायरी: झिरो

झिरो म्हणजे नेम धरला त्याच बिंदूवर छर्रा लागेल अशी जुळणी. आता डायल मोजून फिरवा. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिकला १० मीटरवर सुमारे ०.७३ मिलिमीटर, ०.१ मिलिरेडियनच्या (कोनाचंच दुसरं माप) क्लिकला बरोबर १ मिलिमीटर. ३० मिलिमीटर चुकीला पहिल्यात ४१ क्लिक, दुसऱ्यात ३०. एका छर्ऱ्यावरून फिरवू नका, पाचांच्या ग्रुपचा मध्य धरा. फिरवून झाल्यावर दोन-तीन छर्रे बसू द्या, मग पुन्हा पाच. जायच्या जागेच्या पुढे गेलात तर थोडं जास्त मागे येऊन परत त्याच दिशेने शेवट करा, म्हणजे आट्यांतला प्ले एकाच बाजूला राहतो.

क्लिक मोजून फिरवले आणि ग्रुप हललाच नाही, किंवा दोन ग्रुपनंतर एकदम उडी मारून हलला, तर स्कोप आतून गेलाय. खात्री करायची तर चांगला चालणारा दुसरा स्कोप त्याच माउंटवर लावून पाहा.

झिरो झाल्यावर शेवटचा पाच छर्ऱ्यांचा कागद फेकू नका. त्यावर तारीख, छर्ऱ्याचं वजन, अंतर आणि डायलचा आकडा लिहा आणि रायफलीच्या पेटीत ठेवा. दुसऱ्या दिवशी, काहीही न छेडता, पहिले पाच छर्रे नव्या कागदावर मारा आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. भोकं एकमेकांवर आली तर काम झालं. नाही आली तर परत चौथ्या पायरीवर या, आणि आधी त्या रंगाच्या रेघा पाहा.